अख्ख्या गावाचा उपास

धामणखेडा (भीमपूरजवळ), जि. आदिलाबाद
२२ नोव्हेंबर १९८७

विहीणबाई द्वारकाबाई यांस रुक्माबाईचा सप्रेम जयभीम.

इकडं सारं ठीक हाय. व्याहीबुवा रामाजीले जयभीम सांगा.

हे पत्र मी सोताच्या हातानं लिहून राह्यली. रात्रीच्या शाळेत मले अक्षर शिकवलं ते तुमच्याच भागीरथानं. आता तिनं शिकवलेल्या अक्षरात तिचीच तक्रार कराची म्हनजे जरा जड जाते. पन करतो.

तुमची पोरगी शाळेत गोड विकनार हाय.

झालं असं का तिनं मराठी वर्गाच्या पोराईचा एक गान्याचा चमू बसवला. पोरं बसाले घरून आपापलं पोतं आनतात. ज्याचं पोतं त्याच्याच खाली, दुसऱ्याचा पाय लागला तं भांडन. भागीरथाले ते खपत नाई. तिले साऱ्याईसाठी एक लांब सतरंजी पाहिजे. वर अर्ज देल्ला. उत्तर आलं का मंजुरी हाय, सतरंजी नाई. म्हनून तिनं ठरवलं का जानेवारीत पोराईच्या गान्याचा कार्यक्रम ठेवाचा. गानं फुकट ऐका, पन मंधात गोड खायचं तं कूपन घ्या. खुशालले म्हटलं, तू नवरा हायस, काई बोल. तो म्हने, आई, मी कूपनं छापाले देऊन आलो.

तालीम आमच्याच आंगनात चालते, काऊन का शाळेच्या वऱ्हांड्यात सरपंच यशवंतरावाचा कापूस भरला हाय. पैनगंगेवरचं एक गानं भागीरथानं सोता जुळवलं. सारी पोरं एका दमात पैनगंगा पैनगंगा वरडतात तं आमची म्हैस पान्हा चोरते. शेवटी मी गुळाचे गुलगुले करून एकेकाच्या हातावर ठेवतो. तोंडात गुलगुला हाय तेवढा वेळ शांतता.

पन मास्तरीनबाईनं गोडाचं दुकान मांडाचं म्हनजे काय? आमी लोकाईच्या वावरात राबलो, आता कुठं आमची लेकरं खुर्चीवर बसाले लागली. तिनं हातात झारा घ्यावा, हे मले बरं वाटत नाई. तुमी समजवा, आईचं ऐकन. तुमच्याकडं गोडाधोडाचं मोठं कौतुक हाय हे मले मालूम हाय. लग्नात वऱ्हाडाले शिळ्या पावाचं गोड वाढलं होतं ते आमच्याकडचे लोक अजून काढतात. पन ते जाऊ द्या.

आपली,
रुक्माबाई


मंचेरियल
४ डिसेंबर १९८७

विहीणबाई रुक्माबाई यांना द्वारकाबाईचा सप्रेम जयभीम.

पत्र पावलं. तुमचं अक्षर पाहून फार आनंद झाला. ओळ जरा वर चढत जाते, पण ते सवयीनं जाईल.

आधी पावाचं सांगते, कारण दोन वर्षं ऐकतेय. त्याला डबल का मीठा म्हणतात. हैदराबादेत मोठ्या घरच्या लग्नात तो असतोच. त्याचा पाव मुद्दाम एक दिवस ठेवून शिळा करावा लागतो, नाहीतर तुपात टाकल्याबरोबर विरघळतो. तुमच्या वऱ्हाडानं नाव ठेवलं ते खरं, पण पातेलं पुसून खाल्लं हेही वाढपी मला सांगून गेला. मी तेव्हा बोलले नाही, मुलीची आई होते.

आता भागीरथाचं. मला तर यात काही वाईट दिसत नाही. आमच्या खाणीच्या कॉलनीत दर वर्षी बायकांच्या क्लबाचा कार्यक्रम होतो. मुलं गातात, बायका घरून गोड करून आणतात, त्या पैशातून मुलांची पुस्तकं येतात. तेलुगू, मल्याळी, ओडिया, आम्ही मराठी, सगळे एका टेबलावर खातात. मागच्या वर्षी माझा डबल का मीठा सर्वांच्या आधी संपला. मोठे साहेब स्वतः वाटी घेऊन दोनदा आले. कोणी मला दुकानदारीण म्हटलं नाही.

तुम्ही काळजी करू नका. मी तीन दिवस आधी येते आणि सगळं हातात घेते. तुम्ही फक्त बसून सांगा.

ता. क. गुलगुल्यानं मुलांचा घसा बसतो. तेल हलकं वापरत असाल तर आधी ते बघा.

आपली,
द्वारकाबाई


धामणखेडा
१६ डिसेंबर १९८७

विहीणबाईले जयभीम.

तुमी येऊ नका. तुमाले तरास होईन, अन् आमच्या घरी चूल एकच हाय.

तेल करडीचं हाय. पोराईचा घसा बसला असता तं मीच खूश झाली असती.

आता माही हरकत रायली नाई. पोरीच्या मनात हाय तं करू द्या. भागीरथानं चमूतल्या पोराईच्या मायाईले बोलावून सांगतलं का प्रत्येक घरानं एकेक गोड कराचं अन् सारं एकाच टेबलावर मांडाचं. चोवीस जानेवारीचा आयतवार ठरला.

पन आमचं गाव मोठं भाविक निंगालं. सरपंचाच्या घरून, त्याईच्या बायकोचा, जयवंताबाईचा निरोप आला का त्या दिवशी त्याईच्या घरी लहानथोर साऱ्याईचा उपास हाय. तिच्या मांगं शेजारच्या घरचाबी उपास निंगाला. मंग त्या गल्लीचा. महिपत दुकानदाराले साखरेची बिमारी हाय असं समजलं. तो बिचारा दुकानात बसून दिवसभर गूळ चाखते, त्यालेबी आतापावतर मालूम नवतं. एका म्हातारीनं सांगतलं का दात दुखतात. तिले दात नाईत. पन दुखत असतीन, आपन कोन सांगनार.

गान्याले कोनाचीच ना नाई. पोरं पाठवतो म्हनतात, आमीबी येतो म्हनतात. यशवंतराव सोता घरी आले, म्हनजे फाटकापावतर आले, अन् भागीरथाले म्हने का बाई, तुमी कायले कष्ट घेता, गोड आमच्या वाड्यावर होईन, तुमी फक्त कूपनं विका. भागीरथा हासून नाई म्हने. घरात आल्यावर हासली नाई.

थंडी बरी हाय. कापसाची वेचनी चालू हाय. बाकी ठीक.

रुक्माबाई


मंचेरियल
२६ डिसेंबर १९८७

विहीणबाई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मग शेजारच्या पंतुलुगारू भटजींकडे जाऊन पंचांग काढायला लावलं. चोवीस तारखेला ना एकादशी, ना चतुर्थी. त्यांनी मला विचारलं, अम्मा, तुम्हाला उपास कशाला पाहिजे? मी म्हटलं, मला नको, एका गावाला पाहिजे.

तुम्ही लिहिलं नाही, पण मला कळलं. तुमच्या-आमच्या हातचं खायचं नाही, आणि ते तोंडानं म्हणायची सोय राहिली नाही, कारण त्यांची पोरं भागीरथाच्याच वर्गात बसतात. म्हणून उपास.

तुम्ही ते माझ्यापासून का लपवलं तेही कळलं. कॉलनीतल्या एका टेबलाचं मी तुम्हाला ऐटीत लिहिलं होतं. त्या टेबलावर माझं पातेलं पोचायला किती वर्षं गेली ते मी लिहिलं नव्हतं. पहिल्या वर्षी मी पातेलं जसं नेलं तसं घरी आणलं होतं. यांनी आणि मी चार दिवस तेच खाल्लं. भागीरथा तेव्हा लहान होती. तिला वाटलं, आईनं आपल्यासाठीच एवढं केलं.

म्हणून सांगते, कार्यक्रम बंद करा. माझ्या मुलीपुढं भरलेलं पातेलं तसंच राहिलेलं मला नको. सतरंजीचे पैसे मी मनीऑर्डरनं पाठवते. खुशालरावांनाही तसं सांगा.

द्वारकाबाई


धामणखेडा
५ जानेवारी १९८८

विहीणबाईले जयभीम.

पैसे पाठवू नका. तुमच्या पैशाची सतरंजी आली तं तिच्यावर पोरं बसतीन, गाव नाई बसनार.

अन् कार्यक्रम बंद होत नाई. आता मीच होऊ देत नाई. काऊन ते ऐका.

सरपंचाची नात रेनुका भागीरथाच्या चमूत हाय. तिचा आवाज साऱ्याईत मोठा, अन् भूकबी. महिनाभर रोज सांजच्याले ती आमच्या आंगनात गुलगुले खाऊन राह्यली, तिच्यासंगं साऱ्या गल्लीचे पोट्टे. घरी कोनी सांगतलं नाई. पोरं या बाबतीत लई हुशार. परवा जयवंताबाईनं लाडू केले. रेनुकानं एक घास घेतला अन् ठेवून देल्ला. म्हने, रुक्माआजीचं गोड याच्यापरीस बरं रायते.

दुसऱ्या दिवशी जयवंताबाई आमच्याकडं आली. माहा सारा जनम गेला त्याईच्या वावरात निंदन करन्यात, पन ती आमच्या फाटकाच्या आत कधी आली नवती. आंगनाच्या मंधात येऊन उभी रायली. मले वाटलं आता ती चार गोष्टी ऐकवन, पोरगी बाटवली म्हनन. मी पदर खोचून तयार होती. भागीरथा घरात वह्या तपासत होती, तिची लेखनी थांबली ते मले आयकू आलं.

जयवंताबाई म्हने, "तुमी त्यात काय टाकता?"

मी म्हटलं, "कनिक अन् गूळ."

"गूळ आमच्या घरीबी हाय."

"गूळ तोच," मी म्हटलं. "हात दुसरा."

तिचा चेहरा लाल झाला. थोडा वेळ ती आमच्या चुलीकडं पाहत रायली, जसं काई चुलीतच काई लपवलं हाय. मंग म्हने का चोवीस तारखेले तीबी लाडवाचं टेबल मांडनार, अन् मंग पाहू कोनाचं संपते. मी इचारलं, तुमचा तं उपास हाय ना. ती म्हने, उपास खान्याचा हाय, विकन्याचा नाई.

ती गेल्यावर भागीरथा एवढी हासली का तिले ठसका लागला. महिन्यानंतर पोरगी हासली. आता तुमीच सांगा, कार्यक्रम बंद कसा कराचा?

पन विहीणबाई, जयवंताबाईचा हात खराब नाई. लाडू तिचे चांगले रायतात, दुरून वास आला तरी समजते. गुलगुले घेऊन मी तिच्यापुढं कशी उभी रायू? मले असं काई पाहिजे जे तिले येत नाई अन् या गावात कोनाच्या बापानं खाल्लं नाई. तं तुमच्या त्या पावाच्या गोडाची रीत कळवा. लग्नात मी बोलली ते बोलली. पातेलं पुसनाऱ्याईत मी होती.

रुक्माबाई


मंचेरियल
११ जानेवारी १९८८

विहीणबाई,

पातेलं पुसणाऱ्यांत तुम्ही होतात हे मला तेव्हाच माहीत होतं. वाढप्यानं निळं लुगडं सांगितलं होतं.

रीत नीट वाचा आणि तुमच्या मनाचं काही घालू नका. पाव तिरका कापा, कडा काढा. तूप कंजूषपणा न करता घ्या. मंद आचेवर तळा. लाल व्हायला हवा, काळा नको. काळा झाला की कडू होतो आणि मग वेलदोडा घालूनही झाकत नाही. पाक एकतारी. दूध आटवून निम्मं करा. पाव आधी पाकात, मग वरून दूध, मग झाकण. झाकण पुनःपुन्हा उघडून बघायचं नाही. हे मी खास तुम्हाला लिहिते. भागीरथाला ढवळू देऊ नका, ती लहानपणापासून ढवळते आणि सगळ्याचा लगदा करते. तिला गाण्याकडेच ठेवा.

पाव तुमच्याकडे मिळणार नाही. शुक्रवारी, बावीस तारखेला, आदिलाबादच्या बसनं पत्र्याच्या ट्रंकेत घालून पाठवते. कंडक्टर ओळखीचा आहे. खुशालरावांना बसस्टँडवर उभं राहायला सांगा. तोपर्यंत पाव हवा तेवढा शिळा होईल. काजू आणि वेलदोडे वर पुरचुंडीत असतील.

मला यायचं होतं. पण यांना जरा खोकला आहे, म्हणून घर सोडता येत नाही. काळजीचं काही नाही.

खाली लागलं तर मला कळवू नका.

द्वारकाबाई


धामणखेडा
२८ जानेवारी १९८८

विहीणबाईले अन् व्याहीबुवाले जयभीम.

पहिले हे सांगा का व्याहीबुवा दवाखान्यातून घरी आले का नाई. ट्रंक घेताना कंडक्टरनं खुशालले सांगतलं का कोळशाच्या धुळीनं त्याईची छाती भरली अन् तुमी रोज डबा घेऊन दवाखान्यात जाता. तुमी आमाले जरा खोकला म्हनून लिहिलं. दवाखान्यात बसून तुमी पावाच्या कडा काढाले शिकवलं मले. आमचं लपवलेलं तुमाले दिसते, तं तुमचं आमाले दिसनार नाई का? खुशाल अन् भागीरथा शनवारी तिकडं येऊन राह्यले. त्याईले नाई म्हनू नका.

आता कार्यक्रमाचं ऐका. व्याहीबुवालेबी वाचून दाखवा, पन हासले तं खोकला येईन, सावकाश वाचा.

एक पाव कमी आला. खुशालनं ट्रंक कचेरीत नेऊन ठेवली होती, त्याच्या साहेबाले वाटलं केक हाय. बाकीच्याचं केलं. झाकन मी दोनदा उघडलं, खोटं कायले बोलू. खाली लागलं नाई.

दुपार कलल्यावर शाळेपुढं सारं गाव आलं. बाया पुढं, मानसं मांगं, अन् सरपंचासारखे मोठे लोक कंपौंडाच्या भितीपलीकडं बैलगाड्याईवर बसले, म्हनजे गानं आयकू येईन अन् टेबलाजवळ बसावं लागनार नाई. टेबलं दोनच होती, बाकी घराईचं गोड उपासातच रायलं. जयवंताबाईच्या टेबलावर लाडवाचा डोंगर. माह्या टेबलावर तुमचं गोड, वर पांढरं फडकं. तिच्याकडं रांग लागली. माह्याकडं कोनी नाई. लाडू नेनाऱ्याईले उपास आठवला नाई, पन माह्याकडं नजर गेली का आठवे. मी फडकं काढलं, पुन्हा झाकलं, माश्या हाकलल्या. तुमच्या त्या पहिल्या वर्षाच्या पातेल्याची मले आठवन येऊन राह्यली होती, अन् मनात म्हटलं, रुक्मा, रडाचं ते घरी जाऊन.

गानं सुरू झालं. पोरं छान म्हनत होती. पहिलं गानं झालं तशी रेनुका रांगेतून निंगून सरळ माह्याकडं आली, कूपन ठेवलं अन् वाटी घेतली. उभ्या उभ्या खाल्ली. मंग दुसरं कूपन काढून दुसरी वाटी घेतली अन् भितीपलीकडं पळाली. मले वाटलं मैत्रिनीले देत असन. थोड्या वेळानं परत. म्हने, आबाले आनखी पाहिजे. आबा म्हनजे यशवंतराव सरपंच.

तिच्या मांगं महिपतचा पोरगा आला. मंग दोन पोरी आल्या. प्रत्येकाच्या मुठीत कूपनं, अन् प्रत्येकजन म्हने माह्यासाठी. एवढं एवढं पोट अन् चार चार वाट्या. मी मान लंबी करून पाहिलं तं भितीपलीकडं एकेका गाडीच्या आडोशाले एकेक उपासवाला पाठ करून बसला होता अन् त्याची कोपरं हालत होती.

मी कायले बोलू? माहं गोड संपून राह्यलं होतं. पन इकडं भागीरथाचं पैनगंगेचं गानं सुरू झालं होतं. पहिल्या कडव्याले सारी पोरं होती. तेवढ्यात पलीकडून कोनी हळूच रेनुकेले हाक मारे, कोनी आपल्या बाळूले. एकेक पोरगं रांगेतून सटके. दुसऱ्या कडव्याले पैनगंगा आटली. तिसऱ्याले चार पोरं उरली अन् त्यातल्या एकाले उचकी लागली होती.

भागीरथानं हात वर केला. गानं थांबलं. मले वाटलं आता ती सुनावन, वर्षभराचं मनातलं सारं. तसं केलं असतं तरी मी तिच्या बाजूनं उभी रायली असती. पन ती वर्गात बोलते तशीच शांत बोलली.

"पोरं आता गानं म्हनतीन. कोनी त्याईले बोलावनार नाई. ज्याले गोड खायचं हाय, त्यानं सोता उठून यावं."

भितीपलीकडं हालनारी कोपरं थांबली. पोरं एकेक करून जागेवर गेली. कोनाची मान वर होईना. विहीणबाई, तेवढा वेळ मले लग्नातल्या तुमच्या पंगतीएवढा लंबा वाटला.

मंग जयवंताबाई उठली. सोताचं टेबल सोडलं, पदर नीट केला, साऱ्या बायाईच्या मंधातून चालत माह्यापुढं आली अन् कूपन ठेवलं. मी वाटी भरली. तिनं तिथंच, साऱ्याईच्या समोर, पहिला घास खाल्ला. डोळे मिटले. मले वाटलं आता काय म्हनते.

ती म्हने, "साखर जरा जास्त झाली."

मले असा राग आला म्हनता. सासूनं सुनेले बोलावं तशी बोलली. मी म्हटलं, जास्त झाली तं ठेवून द्या. ती म्हने, नाई, नीट समजलं नाई, आनखी वाढा. अन् दुसरी वाटी संपवली.

मंग कोन थांबते? महिपत आला, त्याची साखरेची बिमारी बरी झाली. दात दुखनारी म्हातारी आली. तिले तं हे गोड फारच सोयीचं पडलं. यशवंतराव शेवटी भितीपलीकडून आले अन् पोराईच्या शिस्तीवर भाषन देल्लं. मिशीले पाक लागला होता ते भाषन संपेपर्यंत कोनी सांगतलं नाई. काई घरं उठली नाईत. त्याईचा उपास अजून चालू हाय. चालू द्या, त्याईचं त्याईले.

पैनगंगा मंग पहिल्यापासून म्हटली, साऱ्या पोराईनं. मी आयकली नाई, मी वाट्या धूत होती. पन पातेलं रिकामं होतं म्हनून धुवाले बरं वाटलं.

काल खुशालनं आदिलाबादहून सतरंजी आनली. उलगडली तं एवढी लंबी का वऱ्हांड्यात मावेना. सरपंचाले कापूस हालवावा लागला.

लोक विचारतात ते काय होतं. मी सांगतो, आमच्या विहीणबाईचं गोड. पावाचं हाय म्हनून सांगत नाई. सांगतलं तं उद्या सारे करतीन.

व्याहीबुवाले जपा.

तुमची,
रुक्माबाई


धामणखेडा
८ फेब्रुवारी १९८८

श्रीमती द्वारकाबाई यांस जयवंताबाईचा नमस्कार.

आपली ओळख नाही. पत्ता आमच्या नातीनं भागीरथाबाईकडून आणला, कशाला पाहिजे ते तिनं त्यांना सांगितलं नाही असं ती म्हणते.

कारण की, आपलं ते गोड आम्ही कार्यक्रमात खाल्लं. रीत विचारली तर रुक्माबाई हसतात. म्हणतात, विहीणबाईची रीत आहे, मी कशी सांगू. ट्रंकेत काय आलं होतं तेही सांगत नाहीत. मी आधी पोळी तळून पाकात टाकून पाहिली. मग भाकर टाकली. ते बैलानं खाल्लं, तेही मन लावून नाही. नातीनं सांगितलं की पाव असतो. आदिलाबादहून पाव आणला, तर त्याचा गोळा झाला.

चैत्रात आमच्या घरी पाव्हणे येणार आहेत. आमच्या सुनेच्या माहेरचे, जरा नाक मुरडणारे आहेत. त्यांच्यापुढं मला ते वाढायचं आहे. तरी कृपा करून पूर्ण रीत लिहून पाठवावी. किती तूप, किती पाक, काही सोडू नये.

ही गोष्ट रुक्माबाईच्या कानावर जाऊ देऊ नये. साखर मात्र थोडी जास्त झाली होती, हे आपल्या माहितीसाठी.

आपली,
जयवंताबाई


मंचेरियल
१६ फेब्रुवारी १९८८

जयवंताबाईंना द्वारकाबाईचा जयभीम.

आमचे हे दवाखान्यातून घरी आले, म्हणून उत्तराला उशीर झाला.

पत्र वाचून आनंद वाटला. पाव ताजा घेतलात, म्हणून गोळा झाला. बाकीची रीत मी तुम्हाला लिहून पाठवली असती. पण विहीणबाईंना मी पानभर लिहून दिली होती, तरी तुमच्या म्हणण्याप्रमाणे साखर जास्त झालीच. म्हणजे हे काम कागदानं होत नाही. पाव कढईतून केव्हा काढायचा ते रंगावर आहे, आणि रंग मला लिहिता येत नाही. तो डोळ्यानं पाहावा लागतो.

तुम्ही असं करा. त्यांच्या घरी जा. अंगणात उभं राहून काही दिसणार नाही, आत चुलीजवळ जाऊन बसा. दूध तुमच्याकडचं घेऊन जा, तूपही न्या. त्या आधी नाही म्हणतील. तरी बसून राहा. मग त्या पाट देतील. पाकात पहिला तुकडा टाकला की त्या तुम्हाला चाखायला सांगतील. तो तिथंच, गरम असताना खा. एक दिवसात हात बसणार नाही. पाव्हणे चैत्रात आहेत, म्हणजे चार-पाच वेळा जायला जमेल.

मी सांगितलं असं बोलू नका. मीही त्यांना काही कळवत नाही.

त्या चहा टाकतील. गूळ टाकतात आणि फार उकळतात; मी त्यांच्याकडे आले होते तेव्हा मला मुळीच आवडला नव्हता. पण नको म्हणू नका. नाव ठेवायचं ते पिऊन झाल्यावर ठेवा.

आपली,
द्वारकाबाई